भाजलेलं लाकूड (थर्मोवूड) आपल्या खान्देशातल्या उन्हापावसात टिकतं का? घरी भाजता येईल का?

केळीचा_मळा | फैजपूर, ता. यावल | २८ नोव्हेंबर २०२३

राम राम मंडळी. प्रश्न लाकडाचा आहे, पण आधी जागा सांगतो म्हणजे उत्तर देणाऱ्याला अंदाज येईल.

आमचा मळा फैजपूरपासून चार किलोमीटर, सातपुड्याच्या अंगाला. मळ्यातल्या घरापुढे पश्चिमेला १२ बाय १८ फुटांची मोकळी जागा आहे. तिथे जमिनीपासून दीड फूट उंच, लाकडी फळ्यांचा ओटा करायचाय. मायचं वय ७४. दुपार टळली की ती तिथेच बसते, भाजी निवडते, कुरडया-पापड तिथेच वाळतात. नातवंडं अनवाणी हुंदडतात. म्हणून लाकडाला विषारी औषध मारायची माझी इच्छा नाही.

लाकूड घरचं आहे. वडिलांनी १९९६ साली बांधावर निलगिरी लावली होती, त्यातली सात झाडं पाइपलाइनसाठी काढावी लागली. यंदा फेब्रुवारीत सॉ मिलवर सहा इंची, सव्वा इंच जाडीच्या फळ्या पाडून आणल्या आणि घाई करून लगेच त्यातल्या काहींचं एक बाकडं आणि मळ्याचं फाटक केलं. मे महिन्यात बाकड्याच्या फळ्यांना टोकांकडून वीतवीत भेगा गेल्या, दोन फळ्या पिळवटल्या. मला मोजायची सवय आहे म्हणून टेप लावून वहीत लिहून ठेवलं: जी फळी मेअखेरीस १४२ मिलिमीटर रुंद होती ती ऑगस्टच्या झडीत १४८ झाली. फाटकाचा जमिनीत गाडलेला खांब तर ऑक्टोबरातच हलायला लागला. उपटून पाहिला तर बुडाशी उधईने (वाळवीने) पूर्ण पोखरलेला, हातात नुसता पापुद्रा. वडिलांनी लावलेलं झाड असं माती होताना पाहून फार वाईट वाटलं. उरलेल्या फळ्यांचं तसं होऊ द्यायचं नाही.

दिवाळीत भाच्याकडे पुण्याला गेलो होतो. त्यांच्या सोसायटीच्या अंगणात चॉकलेटी रंगाच्या फळ्या बसवल्यात. मी विचारलं, सागवान का? तर म्हणे नाही, परदेशातलं पाईन आहे, रंग दिलेला नाही, औषध नाही, फक्त मोठ्या भट्टीत भाजलंय. फळी हातात घेतली तर हलकी, आणि जरा धुरकट, आंबूस वास. चार पावसाळे झाले तरी एकही फळी वाकलेली दिसली नाही.

तर विचारायचं असं. नुसतं तापवल्याने लाकूड टिकाऊ होतं हे खरं आहे का? आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ ला जातो आणि मृग लागला की दोन महिने ओल हटत नाही, तिथे हे चालेल का? आणि माझ्याकडे २०० लिटरचे पत्र्याचे ड्रम आहेत, पऱ्हाट्या भरपूर आहेत. ड्रममध्ये फळ्या उभ्या करून बाहेरून जाळ दिला तर निलगिरी तशी भाजून निघेल का? जपानी लोक लाकूड वरून जाळून काळं करतात, ते म्हणजे हेच का?

---

आरे_धाव | धरणगाव | २८ नोव्हेंबर २०२३

भाऊ, आमच्या घरात तीन पिढ्या बैलगाड्या घडल्या. मी शेवटचा, आता फर्निचर करतो. भट्टीत भाजलेल्या लाकडाचं मला कळत नाही, पण जाळ आणि लाकूड यांचं जेवढं पाहिलंय तेवढं सांगतो.

चाकावर धाव चढवताना लोखंडी कडं गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचं, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायचं आणि लगेच पाणी मारायचं. लोखंड आवळतं, आरे (चाकाचे दांडे) तुंब्यात, म्हणजे मधल्या गोळ्यात, घट्ट बसतात. त्या वेळी लाकडातून भपकन धूर निघतो, कडेने काळं होतं. लहानपणी मी आजोबांना विचारलं होतं, चाक जळलं ना? त्यांनी पटाशीने काळं खरवडून दाखवलं. कागदाएवढा थर, खाली लाकूड जसंच्या तसं. म्हणूनच तेच चाक उन्हाळ्यात सुकून खडखडायचं आणि लोक गाडी नदीत उभी करायचे, चाक फुगावं म्हणून. वरून जाळल्याने लाकडाचं पाणी पिणं थांबलं असतं तर ही वेळ आली नसती.

भरीताचं वांगं बाहेरून काळं झालं म्हणजे आतून शिजलंच असं नसतं. तसंच हे.

कुंपणाच्या खांबांची बुडं जाळून, वर डांबर फासून गाडायची पद्धत आमच्याकडेही होती. आमच्या शेताला अंजनाचे खांब होते, माझ्या जन्माआधीचे. ते मी मोठा झालो तरी उभे होते. त्याच रांगेत वडिलांनी एकदा निलगिरीचे आठ खांब तसेच जाळून, डांबर लावून घातले. तिसऱ्या पावसाळ्यात एक-एक करून पडले. जाळ तोच, डांबर तेच. फरक अंजनाच्या काळ्या गाभ्यात होता. जळलेल्या थराला उन्हात भेगा पडतात आणि त्या भेगेतून पाणी, उधई दोन्ही आत जातं.

आमचे लोक लाकडाला आग देण्यापेक्षा पाणी देत. बाभळीची ओंडकी तोडली की नाल्याच्या डोहात टाकायची, वर दगड, पूर्ण पावसाळा. पाणी काळं होतं, घाण वास सुटतो. पण त्या लाकडाला भुंगा कमी लागतो, कारण किड्याला हवं असलेलं गोड सत्त्व निघून जातं. नंतर सावलीत वर्षभर वाळवायचं. तुम्ही फेब्रुवारीत पाडलेली फळी त्याच उन्हाळ्यात बाकड्याला लावली, चूक तिथे झाली. निलगिरीसारखं ताणाचं लाकूड एवढी घाई सोसत नाही.

---

बांभोरी_पूल | जळगाव | २९ नोव्हेंबर २०२३

एवढी खटपट कशाला? एमआयडीसीत एक्स्पोर्टचे पॅलेट (माल ठेवायचे लाकडी पाट) मिळतात, त्यांच्यावर एचटीचा शिक्का असतो. एचटी म्हणजे हीट ट्रीटेडच. स्वस्तात ओटा होईल. मी गच्चीवर कुंड्यांचं स्टँड त्याचंच केलंय.

---

साक्रीची_लेक | नाशिक | १ डिसेंबर २०२३

मी मूळची साक्रीची. लाकडाच्या कारखान्यांत काम करते, त्यातली सहा वर्षं युरोपात अशाच एका भट्टीवर काढली. त्यामुळे हा धागा वाचून राहवलं नाही. मोठं लिहिते, जरा सांभाळून घ्या.

आधी पॅलेटचं. दादा, एचटी शिक्क्याचा अर्थ लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान ३० मिनिटं पोचवलंय एवढाच. एका देशातली कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून तो नियम आहे. त्या दिवशी आत असलेले किडे मरतात. नंतर पाऊस लागला, उधई आली, तर ते लाकूड साध्या लाकडासारखंच आहे. सॉ मिलवाले ज्याला भट्टीत सिझनिंग म्हणतात तेही वेगळं. ते साधारण ६०-७० अंशांवर होतं, पाणी निघून जातं, पण पावसाळ्यात लाकूड ते परत घेतं.

पुण्यात तुम्ही पाहिलं ते या दोन्हींहून वेगळं आहे. फिनलंडच्या पद्धतीत लाकूड आधी १०० अंशांपर्यंत, मग हळूहळू १३० पर्यंत नेतात. तोवर आतली ओल जवळजवळ शून्य होते. मग १८५ ते २१५ च्या दरम्यान नेऊन दोन-तीन तास तिथे धरतात. या सगळ्या वेळात भट्टीत वाफ भरलेली असते, कारण त्या तापमानाला हवेतला ऑक्सिजन मिळाला तर लाकूड पेट घेईल. शेवटी ८०-९० अंशांपर्यंत उतरवून पाण्याचा फवारा देतात आणि ओल चार ते सात टक्क्यांवर आणतात, नाहीतर इतकं कोरडं लाकूड बाहेर आल्या आल्या तडकतं. एका खेपेला दीड-दोन दिवस, जाड किंवा कठीण लाकडाला त्याहून जास्त. आमच्या भट्टीवर रात्रपाळीत फक्त तापमानाचा आलेख बघत बसायचं काम असायचं. फळीच्या पोटातलं तापमान आणि भट्टीचं तापमान यांत ठरल्यापेक्षा जास्त अंतर पडलं की लगेच चढण थांबवायची.

आता त्याने होतं काय? लाकडात तीन मुख्य गोष्टी: सेल्युलोज, लिग्निन आणि हेमिसेल्युलोज. सगळ्यात नाजूक हेमिसेल्युलोज, आणि पाणी ओढून धरायची हौस त्यालाच जास्त. उष्णतेने आधी तेच तुटतं. तुटताना त्यातून अॅसेटिक आम्ल सुटतं, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. तुम्हाला आलेला आंबूस वास त्याचा. या आम्लामुळेच भट्टी स्टेनलेस स्टीलची लागते. पाणी धरणाऱ्या जागा कमी झाल्या की फळी हवेतून जेवढी ओल घेत होती त्याच्या साधारण निम्मी घेते. म्हणून फुगणं-आकसणंही तेवढंच घटतं. कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते आणि खायला हेमिसेल्युलोज लागतं. दोन्ही कमी झालं.

केळीच्या मळ्याच्या दादांनी फळी मोजून ठेवली याचा मला फार आनंद झाला. तो आकडा बरोबर बसतो. आपल्याकडे मेच्या दुपारी हवेत आर्द्रता १५-२० टक्के, तेव्हा बाहेरचं लाकूड चार टक्के ओलीपर्यंत सुकतं. ऑगस्टच्या झडीत आर्द्रता ८५ च्या वर, तेव्हा तेच लाकूड १७-१८ टक्क्यांवर जातं. निलगिरी एवढ्या फरकात रुंदीला चार टक्के सहज हलते. १४८ चे चार टक्के म्हणजे तुमचे सहा मिलिमीटर. फिनलंडच्या लाकडाला वर्षभरात एवढा प्रवास करावा लागत नाही. म्हणून स्थिरतेच्या बाबतीत भाजलेल्या लाकडाचा फायदा आपल्या भागात उलट जास्तच दिसेल.

पण विकणारे ज्या गोष्टी हळू आवाजात सांगतात त्या मी मोठ्याने सांगते. भाजलेलं लाकूड ठिसूळ होतं. वाकण्याची ताकद १० ते ३० टक्क्यांनी घटते, जितकं जास्त भाजावं तितकी जास्त. १९४६ साली अमेरिकेच्या सरकारी वन-उत्पादन प्रयोगशाळेत स्टॅम आणि सहकाऱ्यांनी वितळलेल्या धातूखाली लाकूड तापवून हेच साधलं होतं, लाकूड स्थिर झालं होतं, पण ठिसूळपणामुळे ते बाजारात चाललं नाही. १९९० च्या दशकात फिनलंडच्या व्हीटीटी संस्थेने वाफेची पद्धत बसवली तेव्हा धंदा उभा राहिला. ठिसूळपणा मात्र आजही आहेच. म्हणून याचे खांब, तुळया, आडव्या कड्या करायच्या नाहीत. फळी म्हणून वापरायचं, स्क्रूला आधी भोक पाडायचं आणि स्क्रू स्टेनलेसचेच घ्यायचे.

दुसरं, रंग. तो चॉकलेटी रंग उन्हात टिकत नाही, वर्षा-दोन वर्षांत राखाडी होतो. लाकूड खराब होत नाही, पण ज्यांना रंग हवा त्यांना तेल देत राहावं लागतं.

आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. उधई. बुरशी हटते म्हणून लोक समजतात उधईही हटेल. हटत नाही. साध्या लाकडाइतकंच, कधी जास्तही खाते. युरोपातल्या थंड देशांत हा प्रश्न फारसा येत नाही म्हणून तिथल्या माहितीपत्रकांत याला एखादी ओळ असते. यावल तालुक्यात तीच ओळ सगळ्यात आधी वाचायला हवी. जमिनीत गाडायला तर हे लाकूड मुळीच नाही.

ड्रमचं काम कृपा करून करू नका. १८० आणि २१५ मधला फरक भट्टीवर संगणक लावून सांभाळावा लागतो. ड्रमच्या बुडाशी ४०० अंश असतील आणि वरच्या टोकाला १००. खालचा कोळसा होईल, वरचं कच्चं राहील. २७०-२८० च्या पुढे लाकूड स्वतःच उष्णता सोडायला लागतं, मग तुम्ही जाळ काढून घेतला तरी ते थांबत नाही. झाकण घट्ट असेल तर आत जळणारा वायू साठतो, आणि झाकण उघडलं की हवा लागून भडका. भट्टीच्या दाराशी असा भडका मी एकदा पाहिलाय. माणूस वाचला, भुवया गेल्या. तिथे अग्निशमनाची सोय होती, तुमच्या मळ्यात नसेल.

जपानी पद्धत म्हणजे याकिसुगी. सुगी नावाच्या त्यांच्या सूचिपर्णी झाडाच्या तीन फळ्या त्रिकोणी बांधून चिमणी करतात, खालून जाळ देतात, आतल्या बाजू काही मिलिमीटर कोळसा झाल्या की उलगडून पाण्याने विझवतात. ते भिंतीवर बाहेरून लावायला. त्यावर कोणी चालत नाही. धरणगावच्या दादांनी वांग्याचं उदाहरण दिलं ते इतकं नेमकं आहे की पुढे कामावर मी तेच सांगणार आहे.

निलगिरी भट्टीत भाजता येत नाही असं नाही. बंगळुरूच्या लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत आपल्याकडच्या लागवडीच्या लाकडांवर असे प्रयोग झालेत. पण भट्टीआधी ती अतिशय हळू वाळवलेली हवी, नाहीतर आतून फाटते. आणि सात झाडांच्या फळ्यांसाठी कोणी भट्टी लावणार नाही.

---

तळोदा_रोड | नंदुरबार | ३ डिसेंबर २०२३

साक्रीच्या ताईंनी उधईचं लिहिलं ते मी अनुभवलंय. २०१९ ला शेतघरापुढे थर्मो अॅशच्या (अॅश नावाच्या झाडाच्या, अशाच भाजलेल्या) फळ्या टाकल्या, बाहेरून मागवलेल्या, महागाच्या. विकणाऱ्याने २५ वर्षं सांगितली. बसवणाऱ्याने मुरुमावर थेट लाकडी पट्ट्या ठेवल्या, त्यावर फळ्या. खाली हात घालायलाही जागा नव्हती. दुसऱ्या पावसाळ्यानंतर फळीवर पाय ठेवला आणि टाच आत गेली. खालून मातीच्या नळ्याच नळ्या. वरून फळी तशीच गुळगुळीत. ना वाकलेली ना तडकलेली. लाकडाचा दोष कमी, जमिनीला चिकटवलं हा दोष जास्त, हे मला आता कळतंय. पैसे मात्र गेले.

---

केळीचा_मळा | ३ डिसेंबर २०२३

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं लिहिलेलं मी दोनदा वाचलं आणि मुलाला मोठ्याने वाचून दाखवलं. ड्रमचा विचार सोडला.

आता दोनच गोष्टी. भुसावळहून जुने रेल्वेचे लाकडी स्लीपर मिळतात, गावात दोघांनी फाटकाला लावलेत, उधई शिवत नाही. खालच्या सांगाड्याला ते घ्यावेत का? आणि घरच्या फळ्या अजून ४० शिल्लक आहेत, गोठ्यात एकावर एक टाकलेल्या. त्यांचं काही होईल का?

---

साक्रीची_लेक | ४ डिसेंबर २०२३

स्लीपर नको. त्यात क्रिओसोट असतं, कोळशाच्या डांबरातून काढलेलं तेल. त्यामुळेच उधई येत नाही. पण ते कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांत धरलं जातं आणि मेच्या उन्हात पाझरतं. माय बसणार, पापड वाळणार, मुलं अनवाणी फिरणार, तिथे मुळीच नको. कीड लागू नये म्हणून लाकडाला देतात ते बोरॅक्स-बोरिकचं पाणी माणसाला त्यामानाने सौम्य, पण उघड्यावर ते पावसाने धुऊन जातं.

सांगाडा जुन्या सागाचा करा. धाब्याची घरं पडतायत, त्यांच्या कड्या वखारीत मिळतात. गाभ्याचा साग, वर्षानुवर्षं सुकलेला, आता फारसा हलणार नाही. फक्त त्याला मातीचा स्पर्श नको. दगडी बैठक, त्यावर गॅल्व्हनाइज्ड लोखंडी बूट, त्यात कडी. खाली वारा खेळला पाहिजे आणि वाकून पाहता आलं पाहिजे. उधई आलीच तर दगडावरून मातीची नळी करत येईल आणि ती दिसेल. दिसली की मोडायची. ज्या ओट्याखाली डोकावता येतं तो ओटा वाचतो.

---

आरे_धाव | ४ डिसेंबर २०२३

फळ्यांचं मी सांगतो. गोठ्यातून आजच काढा. एकावर एक टाकल्यात म्हणजे मध्ये हवा नाही, बुरशी धरली असेल. सावलीत, जमिनीपासून हातभर वर, प्रत्येक थरात दीड-दीड फुटावर एका जाडीच्या पट्ट्या घालून थप्पी लावा. पट्ट्या एकाखाली एक सरळ रेषेत आल्या पाहिजेत, नाहीतर फळी तिथेच लचकते. वर वजन ठेवा. टोकांना जुना ऑइल पेंट किंवा मेण फासा, टोकातून पाणी सगळ्यात आधी पळतं आणि भेग तिथूनच सुरू होते. हे दिवस चांगले आहेत. हवा कोरडी पण ऊन मऊ. मार्चची गरम हवा लागायच्या आत त्या शांत व्हायला हव्यात.

मग प्रत्येक फळीचा कडेचा पांढरा भाग काढून टाका. भुंगा तोच खातो. सहा इंचीच्या चार इंची करा. जेवढी रुंद तेवढी ती वाटीसारखी होते. निम्म्या फळ्या बाद होतील, वाईट वाटून घेऊ नका. उरतील त्या पक्क्या.

---

केळीचा_मळा | १५ सप्टेंबर २०२४

उशीर झाला, पण पावसाळा पाहिल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

ओटा मार्चमध्ये पूर्ण झाला. खाली काळ्या दगडाच्या १२ बैठका, वर लोखंडी बूट, त्यात जुन्या सागाच्या कड्या. त्या कड्या सावद्याच्या एका पडलेल्या धाब्याच्या घराच्या. रंधा मारल्यावर आतून अजून सागाचा वास आला, मिस्त्रीने काम थांबवून सगळ्यांना हुंगायला दिलं. घरच्या ४० फळ्यांतून चार इंची २३ निघाल्या. त्या अंगणाकडच्या अर्ध्या भागाला पुरल्या. उरलेल्या अर्ध्या भागासाठी मी थर्मो अॅशच्या फळ्या पुण्याहून आणल्या, त्याही चार इंचीच. एवढ्यासाठीच की शेजारी शेजारी बसवून मला स्वतःला पाहायचं होतं. दोन फळ्यांत सहा मिलिमीटरची फट, सगळीकडे स्टेनलेसचे स्क्रू, आधी भोक पाडून. थर्मोची एक फळी मिस्त्रीने घाईत भोकाशिवाय आवळली आणि ती टोकाला चर्रकन फाटली. ताईंनी सांगितलेलं ठिसूळपण त्याच क्षणी सगळ्यांना पटलं.

दोन्हींना जवसाचं डबल बॉईल तेल दिलं. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात ठेवल्या होत्या, मुलाने कुठेतरी वाचलं होतं की त्या आपोआप पेटतात, म्हणून त्याने पाण्याच्या बादलीत टाकल्या. कोणी हे करणार असेल तर ही गोष्ट विसरू नये.

आता आकडे. दोन्ही प्रकारच्या पाच-पाच फळ्यांवर खूण करून मी २६ मे आणि २० ऑगस्टला मोजलं. निलगिरी सरासरी चार मिलिमीटर फुगली. थर्मो अॅश दीड मिलिमीटर. निलगिरीच्या फळ्यांपैकी तीन किंचित वाटीसारख्या झाल्या, बाकी २० सरळ आहेत. गेल्या वर्षीच्या बाकड्याशी तुलना केली तर हे मला मोठं यश वाटतं, आणि ते धरणगावच्या भाऊंच्या थप्पीचं आहे. थर्मोची एकही फळी वाकलेली नाही.

एक गोष्ट मात्र कोणीच बोललं नव्हतं. मेमध्ये दुपारी तीन वाजता माय ओट्यावर आली, थर्मोच्या भागावर पाय टाकला आणि लगेच मागे घेतला. "मले इथं नाही बसता येत रे, पाय पोयतात." गडद रंगाची फळी उन्हात तव्यासारखी तापते. निलगिरीचा भाग फिकट, तिथे पाय ठेवता येत होता. म्हणून आता थर्मोच्या भागावर मांडव घातलाय, त्यावर घेवडा चढवला. ज्यांना पश्चिमेचं ऊन आहे त्यांनी हे आधीच धरून चालावं.

उधई एकदाच आली, जुलैत, तिसऱ्या आणि सातव्या बैठकीवर. बोटाएवढ्या मातीच्या नळ्या. दगडावरच होत्या, बुटापर्यंत पोचल्या नव्हत्या. मोडल्या. तेव्हापासून दर रविवारी सकाळी नातू बॅटरी घेऊन ओट्याखाली जातो आणि बारा बैठका मोजून येतो.

ताई, विचारायचं एवढंच: मांडवाबाहेर राहिलेल्या तीन थर्मो फळ्या राखाडी पडायला लागल्यात. तेल आता देऊ की थांबू?

---

साक्रीची_लेक | १६ सप्टेंबर २०२४

दादा, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. पाय पोळण्याचं मी लिहायला हवं होतं. ज्या देशात मी काम केलं तिथे लोक उन्हासाठी ओट्यावर येतात, त्यामुळे ते माझ्या मनातच आलं नाही. ही नोंद तुमच्याकडून माझ्याकडे आली.

तेल आता नको, फळीत ओल आहे. नवरात्रानंतर आठ-दहा कोरडे दिवस जाऊ द्या, मग बारीक पॉलिशपेपरने राखाडी थर हलका घासा आणि पातळ हात द्या. एकच. जास्त झालं तर वर चिकट थर राहतो आणि धूळ धरतो. आणि पुढच्या मेमध्ये त्याच दहा फळ्या पुन्हा मोजाल का? दुसऱ्या वर्षी निलगिरीची हालचाल कमी होते का ते मला पाहायचंय.

---

आरे_धाव | १६ सप्टेंबर २०२४

त्या तीन वाटी झालेल्या फळ्या काढू नका. स्क्रू सैल करून उलट्या करा, फुगीर बाजू वर, म्हणजे पाणी साचणार नाही. दिवाळीनंतर मी फैजपूरला येतोय, सागाच्या कड्या बघायच्यात. सोबत गिरमिट आणतो.

---

केळीचा_मळा | १६ सप्टेंबर २०२४

भाऊ, या. मायला सांगितलंय, ती म्हणते भरीताची वांगी तेव्हा लागलेली असतील. ताई, मेचे आकडे इथेच टाकतो, वहीत पान राखून ठेवलंय.